आन्सेल्मोला आणायला

"आला होता ना गं आन्सेल्मो? जाणवलं का तुला?" टेबलाच्या कोपऱ्याला बांधलेला ऊस सोडवता सोडवता हर्मिनियाने विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. झालं ते एवढंच. प्रश्नात नवीन काही नव्हतं. मृतांच्या सणात दुसऱ्या दिवशी दुपारी, आलेले जीव परत गेले की ला पाझमधल्या आमच्या चढावरच्या गल्लीत बायका एकमेकींना हे विचारतातच, लग्नाहून आलेल्याला जेवणाचं विचारावं तसं. उत्तरंही ठरलेली असतात. मेणबत्तीची ज्योत हलली. पेल्यातलं पाणी उतरलं. माशी पावावर बसली ती उठेचना. पहिल्या वर्षी मी माशी सांगितली होती, दुसऱ्या वर्षी पाणी. हे तिसरं वर्ष, निरोपाचं; आमच्यात मेलेल्यासाठी तीनच वर्षं टेबल मांडतात. यापुढे माझ्या धाकट्या भावासाठी, आन्सेल्मोसाठी, नैवेद्याचं टेबल मांडायचं नाही, शेंगदाण्याचं सूप करायचं नाही, त्याच्या नावाचा बाहुलीच्या आकाराचा पाव भाजायचा नाही, आणि तोही यायचा नाही. हर्मिनिया खालच्या मजल्यावर राहते, माझ्या सगळ्या सुखदुःखात असते. तिला वाटलं मला रडू येतंय. बस तू, मी आवरते, म्हणाली. मी तिच्या हातातून ऊस काढून घेतला आणि होता तिथं परत बांधला. राहू दे, म्हटलं. ती बघतच राहिली, कारण निरोपाचं टेबल मांडून ठेवणं म्हणजे निघालेल्या पाहुण्याला दारात अडवून उभं राहणं. पण मला दुसरंच काहीतरी लागलं होतं. आला होता का, असं तिने विचारलं. आणि कोण आला होता, किती आला होता, हे आपल्याला कुठं ठाऊक आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आमच्या घरात आन्सेल्मो अर्धा होता. हे कुणी वाईट मनाने म्हणत नसे. आई भाजीवालीला सांगायची, डॉक्टरला सांगायची, पाद्रीला सांगायची, "अर्धा आलाय हो हा, अर्धा मिठावर राहिला," आणि सांगताना त्याच्या केसांतून हात फिरवायची. घाबरलेल्या पोराचा जीव, आमच्या भाषेत आजायू, घाबरला तिथंच राहतो आणि पोर रिकामंच घरी येतं, हे आमच्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग पोराचा एखादा कपडा घेऊन त्या जागी जायचं, कपडा झटकायचा, घरी ज्या नावाने हाक मारतो त्या नावाने हाक मारायची, चल, घरी जाऊ, इथं राहू नको, म्हणायचं, आणि मागे न बघता परत यायचं. बहुतेक जीव येतात. एखादा मास्तरांच्या छडीला घाबरून शाळेच्या पायरीवर राहिलेला असतो, एखादा कुत्र्याला घाबरून नदीकाठी. शाळेची पायरी सापडते, नदीकाठही सापडतो. आन्सेल्मो घाबरला ती जागा सापडण्यासारखी नव्हती.

त्या वर्षी वडिलांना उयुनीच्या रेल्वे कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही तुनुपा डोंगराच्या पायथ्याचं तावा गाव सोडून पलीकडे निघालो. पलीकडे म्हणजे मिठाच्या त्या अफाट पांढऱ्या मैदानाच्या पलीकडे. आम्हाला दुसरं पलीकडे नव्हतंच. मी नऊ वर्षांची, आन्सेल्मो पाच. पावसाचे दिवस होते, मिठावर घोटाभर पाणी चढलेलं, त्या दिवसांत शहाणा माणूस ट्रक घालत नाही, पण ट्रकवाल्याला किनव्याच्या धान्याची पोती पोचवायची होती आणि वडिलांना नोकरी गाठायची होती. पोत्यांवर आई, आईशेजारी आम्ही दोघं. किनव्याची ती कडवट धूळ आणि ओल्या तागाचा वास मला अजूनही मध्येच कुठं कुठं येतो, बँकेत, चर्चमध्ये, आणि मी मागे वळून बघते. मधोमध कुठंतरी मिठाची साय फुटली आणि मागचं चाक खाली गेलं. वडील आणि ट्रकवाला चालत काठाकडे माणसं आणायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. पाणी हललं नाही, आणि मग खालचं आणि वरचं वेगळं राहिलं नाही, ढग वर होते आणि ढग खालीही होते. आन्सेल्मोला त्यातला एक ढग पकडायचा होता. तो पोत्यांवरून घसरत उतरला, पाण्यातून हसत हसत बराच लांब गेला, आणि मग त्याने पायाखाली पाहिलं असणार. तो ओरडला नाही, हात पसरून उभा राहिला, जमीनच नसली तर माणूस उभा राहील तसा. आईचे तेव्हा दिवस भरत आले होते, तिला उतरता येत नव्हतं. "बासिलिया, जा, आण त्याला," ती म्हणाली. मी गेले आणि त्याला उचलून आणलं. त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. आईचं ते पोटातलं मूलही जगलं नाही, पण त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नसे. बोलायला आन्सेल्मो होता.

मीठ वाळल्यावर आई त्याचा स्वेटर घेऊन निघाली आणि मला बरोबर घेतलं, जागा दाखवायला. मी कुठली जागा दाखवणार? मीठ वाळलं की चाकांची खूण बुजते, पायांची बुजते, फुटलेली सायसुद्धा धरते. मीठ खोदणाऱ्यांच्या ट्रकमधून आम्ही गेलो, ट्रकवाल्याने बरंच अंतर काटलं आणि मग त्याला कंटाळा आला. "इथंच कुठंतरी असेल, बाई, सगळीकडे सारखंच तर आहे," तो म्हणाला. आई उतरली, स्वेटर झटकून हाका मारल्या आणि ताठ मानेने ट्रककडे परत आली. हाक जवळच्या जागी पडली की लांबच्या, हे ठरवायला पुढचं सगळं आयुष्य होतं. तो बोलायला लागला, तेव्हा आई म्हणाली, आला. पण शाळेत त्याला आकडे उमगेनात, कुणी जोरात बोललं की भिंतीला टेकायचा, रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागायचा, तेव्हा म्हणाली, अर्धा आला. आई गेल्यावर तो ला पाझला माझ्याकडे आला. माझं बटणं आणि रिबिनींचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. दारातल्या स्टुलावर बसून तो बटणं निवडायचा. रंगाने नाही, हातात धरून, डोळे मिटून, स्वतःच्या कुठल्या तरी हिशेबाने. मला ती पुन्हा रंगाने लावावी लागत, आणि मी कधी चिडले नाही. फिदेल नावाचा एक बस दुरुस्त करणारा माणूस दोन वर्षं माझ्याकडे रिबिनी घ्यायला येत होता, आणि रिबिनींचं त्याला काही काम नव्हतं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. शेवटी त्याने विचारलं, की भावाची कुठं सोय होईल का. मी त्याच्या रिबिनी बांधून दिल्या. लोक म्हणाले, बासिलियाने भावासाठी संसार सोडला. मला सोडल्यासारखं काही वाटलं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण न वाटणं हे जास्तच विचित्र दिसलं असतं.

तर टेबल तसंच राहिलं. पाव दगड झाले, ऊस सुकला, हर्मिनिया रोज दारातून डोकावून जायची. शेवटी ती म्हणाली, "अगं, त्याला जाऊ दे आता. असा अडकवू नये माणसाला." मी म्हटलं, मी अडकवलेलं नाही, तो मिठावर अडकलाय. हे बोलून गेले आणि मग मला ते स्पष्टच दिसलं. निरोप मी कुणाला देणार होते? टेबलाला जो येत होता, माशी होऊन म्हणा, पाणी होऊन म्हणा, तो अर्धा. उरलेल्या अर्ध्याला आन्सेल्मो मेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. तो पाच वर्षांचा, हात पसरून, तिथंच उभा होता. त्याला घेऊन आल्याशिवाय मी टेबल आवरणार नव्हते, आणि तिसरं वर्ष सरलं की निरोपाची वेळही निघून जाणार होती. मी त्याचा शेवटचा तपकिरी स्वेटर पिशवीत घातला, कोपराला माझंच ठिगळ असलेला, टेबलावरचा बाहुलीपाव घेतला, आणि उयुनीची बस धरली. वाटेत एकदा वाटलं, की पाच वर्षांच्या पोराने हा बाप्या माणसाचा स्वेटर ओळखायचा कसा. पण दुसरं काही नव्हतं.

उयुनीत आता तसले ट्रक नाहीत. आमच्या जुन्या घराजवळ सहलींची दुकानं झालीत, दारात बर्फासारख्या पांढऱ्या जमिनीवर उड्या मारणाऱ्या पोरींची चित्रं. काउंटरवरच्या मुलीने एका दिवसाची सहल सांगितली, गाईड, जेवण, काळा चष्मा नसेल तर तोही मिळेल. "एकट्याच का, मावशी?" एकटीच. "मीठ आधी पाहिलंय?" मी नाही म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. बहुधा हो म्हटलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं आणि मला चीड आली असती. आपल्या घरातून आपल्यालाच तिकीट काढून फिरवून आणणार, त्यात वर आपण कौतुक दाखवायचं. सकाळी जीप आली. आत सांता क्रूजहून आलेलं नवपरिणीत जोडपं, यानीरा आणि डार्विन, गरम मुलखातली माणसं, थंडीने दोघांचे ओठ निळे पडलेले. दोन उंच परदेशी मुली, ज्या दिवसभर हसल्या आणि आपसातच बोलल्या. आणि चालवणारा व गाईड एकच, ग्रोव्हर, मिठाकाठच्या कोल्चानी गावचा, गालात चघळायची कोकाची पानं, डोळ्यांवर आरशासारखा चष्मा. त्याने मला पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं. "मावशी पुढे, म्हणजे मी शिस्तीत राहीन," तो म्हणाला, आणि मागून डार्विन म्हणाला, "आणि आम्ही?" "तुम्ही लग्न केलंय, तुमची शिस्त आता दुसऱ्याच्या हातात." यानीरा खूप हसली. मला तो पोरगा आवडला आणि आवडल्याचा रागही आला.

चाकं डांबरावरून मातीवर आणि मातीवरून मिठावर गेली. तो आवाज बदलतो ना, ते मी विसरले होते. माती कुरकुरते, मीठ नुसतं सरसरत राहतं, सतत, एका सुरात, आणि थोड्या वेळाने तो आवाज बाहेरचा राहत नाही. मी डोळे मिटले. डोळे मिटूनही पांढरं होतं. ग्रोव्हर मागच्यांना तुनुपाची गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत ती राजकन्या होती आणि रडत होती. आमच्या घरातल्या गोष्टीत ती एक चिडलेली बाई होती, जिचं दूध सांडलं आणि त्याचं हे मीठ झालं.  मिठाच्या शंकूसारख्या ढिगांपाशी तो थांबला, फोटो झाले. पुढे त्याने सीटखालून हिरवा प्लास्टिकचा डायनासोर काढला. तो जमिनीवर जवळ ठेवायचा, माणसांनी लांब उभं राहायचं, आणि फोटोत माणसं त्याच्या जबड्यात येतात, कारण मधलं अंतर दाखवायला मिठावर काही नसतं. डार्विन जबड्यात उभा राहून ओरडला, यानीराने त्याला वाचवलं, परदेशी मुलींनी डायनासोरला लाथ मारली. "मावशी, तुम्ही पण या, तुम्हाला गिळलं तर मी जबाबदार," ग्रोव्हर म्हणाला. मी गेले. त्याने फोनवर मला दाखवलं: डायनासोरच्या पायाशी एक अंगठ्याएवढी बाई, हातात पिशवी, टोपी डोळ्यांवर ओढलेली. तिच्या आणि माझ्यात ओळखीचं काही नव्हतं. आपण लांबून अशा दिसतो तर, असं वाटलं.

मग ते मिठाचे डोळे आले, जिथं सायीला भोक पडून खालचं पाणी बुडबुडत वर येतं. परदेशी मुलींनी हात घातले आणि थंडीने किंचाळल्या. मी जवळ गेले नाही. ग्रोव्हरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तावाहून येणारी ट्रकांची जुनी वाट कुठून जायची. त्याने बोटाने हवेत एक रेघ ओढली, तुनुपाच्या उजव्या खांद्यापासून सुरू होणारी. खांदा समोर धरून चालवायचे जुने लोक, म्हणाला, आता आम्ही हा बघतो, आणि त्याने फोन दाखवला. वडीलही खांदा म्हणायचे. त्या एका शब्दाने मला इतकं बरं वाटलं, की बटणांच्या डब्यात हात घालून तसंच उभं राहावं असं काहीतरी झालं, आन्सेल्मो करायचा तसं. तो गेल्यावर मी ती बटणं रंगाने लावली नाहीत. त्याने लावली तशीच आहेत, गिऱ्हाइकाला काळं बटण द्यायला मला सगळे डबे उपसावे लागतात.

दुपारी निवडुंगांच्या बेटापाशी जीपच्या मागच्या दारावर जेवण मांडलं, लामाचं भाजलेलं मांस, किनवा, काकडी. सहल इथवरच होती. इथून सगळ्या जीपा माघारी वळतात, वाटेत सूर्यास्त पाहतात आणि परत जातात. आमच्या लहानपणी हे बेट अर्धी वाट होती. इथं ट्रक थांबायचा, पुरुष निवडुंगाच्या सावलीत आडवे व्हायचे, आई डबा सोडायची आणि म्हणायची, अर्धं झालं. आता अर्ध्यालाच पूर्ण म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी ग्रोव्हरला बाजूला घेतलं. तुनुपाच्या खांद्याकडे थोडं पुढे ने, जुन्या वाटेवर, थोडा वेळ उतरेन, म्हटलं. तो म्हणाला, मावशी, कार्यक्रमात नाही ते. फोटो काढायचाय, म्हटलं. "तुमच्याकडे फोन तरी आहे का?" नव्हता, म्हणजे होता, पिशवीच्या तळाशी, बंद. मागून डार्विनने तोंडात मांस असतानाच म्हटलं, "ने की मित्रा, तिकडचा पांढरा जास्त पांढरा असेल." ग्रोव्हरने चष्म्याआडून माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि जीप सुरू केली.

त्याने थांबवलं तिथं काही नव्हतं. मिठाच्या सहाकोनी भेगा, दूरवर तुनुपा, दुसऱ्या बाजूला जीप. मी चालत इतकी लांब गेले की जीप डायनासोरएवढी झाली. स्वेटर काढला. बाहुलीपाव काढला, मिठावर ठेवला. आधी हळू म्हटलं, आन्सेल्मो. मग मोठ्याने. स्वेटर झटकला, आई झटकायची तसा, अंगाबाहेर. आन्सेल्मो, चल, घरी जाऊ, इथं राहू नको. मिठावर आवाजाला परत यायला जागा नाही. तो जातो तो जातोच. पुन्हा म्हटलं. आपण भाजी विकतोय आणि गल्लीत कुणी दार उघडत नाही, असं काहीतरी हास्यास्पद वाटायला लागलं. वाऱ्याने पावाला मीठ लागलं. इतक्या वर्षांत मी किती वेळा मनात इथं आले होते आणि प्रत्येक वेळी तो दिसायचा, हात पसरून, पाठमोरा. आता प्रत्यक्ष आले तर नुसतं दिसण्याएवढंही काही नव्हतं. मला भीती वाटली की मी त्याला घेऊन जाऊ शकत नाही, आणि टेबल तसंच राहणार, आणि मी त्या टेबलापाशी म्हातारी होणार. मी खाली बसले.

ग्रोव्हर आला तो पायांच्या आवाजावरून कळला. तो जरा अंतरावर थांबला. मग म्हणाला, "कुणाला बोलावताय, मावशी?"

"भावाला. पाच वर्षांचा होता, इथं घाबरला."

"आणि आता कुठं असतात ते?"

"गेला. तीन वर्षं झाली."

त्याने चष्मा काढला. डोळ्यांभोवती त्याची कातडी फिकट होती, त्यामुळे तो एकदम लहान दिसायला लागला. "मग तो इथं कसा असेल?" तो म्हणाला. "मरणारा माणूस आधी आपली पावलं गोळा करतो. जिथं जिथं पाय पडला तिथून. माझी आजी म्हणायची, म्हणून तर मरायला वेळ लागतो. तुमच्या भावाला लागला का वेळ?"

लागला होता. शेवटचे कित्येक आठवडे आन्सेल्मो अंथरुणावर होता, आणि पांघरुणाखाली त्याचे पाय हलत असायचे, आधी हे, मग ते. थंडी वाजत असेल म्हणून मी ते पाय धरून चोळत बसायचे, आणि मी धरले की तो कण्हायचा, सोडले की पुन्हा हलायचे. मी त्याला लोकरीचे मोजे घातले. तो चालत होता. ला पाझच्या चढावरून, दुकानाच्या पायरीवरून, उयुनीच्या रुळांवरून तो उलटा चालत होता आणि मी त्याला मोजे घालत होते. "लागला," मी म्हणाले.

"मग झालं तर. इथूनही घेऊन गेला तो आपलं. मेलेल्याचं काही मागे उरत नाही, मावशी. इथं राहतात ते जिवंत माणसांचे."

हे तो सांत्वनासाठी बोलला असेल, किंवा मागची माणसं खोळंबली होती म्हणून.  पण मीही खाली पाहिलं होतं. आई म्हणाली, जा, आण त्याला, आणि मी पोत्यांवरून उतरले आणि पाण्यातून गेले, आणि अर्ध्या वाटेत मीही खाली पाहिलं. पायाखाली आभाळ होतं, खोल, आणि त्यात मी उलटी लटकत होते, आणि माझ्या खाली काही नव्हतं. मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर आईने पोटासकट उडी मारली असती, म्हणून मी तोंड मिटलं आणि पुढचं पाऊल त्या आभाळात टाकलं, मग पुढचं, आणि त्याला उचललं. तो माझ्या मानेला घट्ट धरून होता. ट्रकवर चढल्यावर आईने त्याला कुशीत घेतलं, तपासलं, रडली, आणि मला म्हणाली, शहाणी माझी मोठी. मला कुणी विचारलं नाही, तू घाबरलीस का. मीठ वाळल्यावर आई स्वेटर घेऊन गेली तेव्हा मी जागा दाखवायला गेले होते. त्या जागी मीही होते, हे आईच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. आन्सेल्मो शब्द विसरला म्हणून सगळ्यांना त्याची भीती दिसली. मी काहीच विसरले नाही, पाढे म्हणत राहिले, दुकान चालवत राहिले, आणि फिदेलच्या रिबिनी बांधून दिल्या तेव्हा मला काही वाटलं नाही, आई गेली तेव्हा काही वाटलं नाही, आन्सेल्मोला खांदा देणारी अख्खी गल्ली रडत होती, ज्या माणसाला आम्ही जन्मभर अर्धा म्हटलं त्याच्यासाठी पाववाला रडत होता, तेव्हाही मी पाहुण्यांना कॉफी पुरते की नाही ते बघत होते. गल्लीत म्हणतात, बासिलिया खंबीर.

मी उठले. ग्रोव्हरला म्हटलं, "मला बोलाव."

त्याला कळलं. तो मागे सरकला. "मी कसा बोलावणार? घरचं माणूस लागतं, मोठं माणूस लागतं. मी कोण?"

"माझ्या घरचं कुणी उरलं नाही. आणि माझ्याहून मोठं तर नाहीच."

त्याने जीपकडे पाहिलं. यानीरा टपावर बसून पाय हलवत होती. मग त्याने गालातली पानं काढली, मिठावर ठेवली, टोपी काढून पट्ट्यात खोचली. "तुमचं काहीतरी द्या, अंगावरचं." मी माझी शाल काढून दिली. वारा थेट हाडांत शिरला. "घरी काय म्हणायचे तुम्हाला? यादीतल्या बासिलिया नावाने येणार नाही तो जीव. लहानपणी काय म्हणायचे?"

आई मोठी म्हणायची. वडील शीळ घालायचे, ती दोघांनाही एकच. मास्तर आडनाव घ्यायचे. मी आठवत उभी राहिले आणि मला लाज वाटायला लागली, की साठी उलटलेल्या बाईला लाडाचं एक नाव नसावं. आणि मग आठवलं, की आहे. त्या उन्हाळ्यात आन्सेल्मो पुन्हा बोलायला लागला तो आधी आई म्हणाला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत त्याने माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याला त्यातलं शेवटचंच जमलं. पुढे जीभ वळायला लागली, तरी त्याने ते बदललं नाही. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, शेवटच्या दिवसापर्यंत तो मला तेच म्हणत होता.

"लिया," मी म्हणाले.

ग्रोव्हर माझ्यापासून थोडा लांब गेला, मला जीपकडे तोंड करून उभं केलं, आणि माझ्या पाठीमागे शाल झटकल्याचा आवाज आला. पहिली हाक त्याने गाईडच्या आवाजात मारली, लाजून. दुसरी त्याच्या स्वतःच्या. "लिया. चल, घरी जाऊ. इथं राहू नको, लिया, थंडी आहे." थंडीचं त्याने मनाने घातलं होतं. मग तो चालत आला, शाल मागूनच माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, वळायचं नाही. मी वळले नाही. जीपपर्यंत मी चालत गेले आणि माझे पाय जमिनीला लागत होते, एवढंच मला कळत होतं. स्वेटर आणि पाव मागे राहिले की ग्रोव्हरने उचलले, ते मी विचारलं नाही.

पुढच्या सीटवर बसले आणि रडायला लागले. हे असं होईल असं वाटलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीने रडावं तसं, नाक गळेपर्यंत, आवाज करत, पाच जणांसमोर. मला आन्सेल्मो हवा होता. स्टुलावर बसलेला, डोळे मिटून बटण चाचपणारा, अख्खाच्या अख्खा आन्सेल्मो मला हवा होता, आणि तो कुठंच नव्हता, मिठावर नव्हता, टेबलापाशी नव्हता.  डार्विनने टोपी काढली. यानीराने मागून वाकून माझ्या हातात कागदी रुमाल कोंबला आणि खांद्यावर हात ठेवला.

"कोण गेलं, मावशी?"

"भाऊ."

"अरे देवा. कधी?"

"आज," मी म्हणाले.

ग्रोव्हरला खरं ठाऊक होतं. त्याने चष्मा घातला, मागच्यांना दारं नीट लावायला सांगितलं, आणि जीप सुरू केली.